हेडफोनच्या परीक्षणात गिटार कुठे आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत अधूनमधून मध्यम किमतीच्या हेडफोनवर काही ना काही छापून येतं आणि मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, पण दरवेळी तेच, ड्रायव्हर (म्हणजे आतला छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा, बॅटरी किती तास चालते, रंग कोणकोणते आणि शेवटी "बेस दमदार आहे" असं एक वाक्य. रॉक ऐकणाऱ्याने यातून काय समजायचं? आमचं अख्खं संगीत गिटारवर उभं आहे आणि ती गिटार कशी ऐकू येते याबद्दल एक शब्द नसतो. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलंय थोडं, पण जमलं तर पूर्ण छापा.

मुळात गिटार कुठे वाजते ते आधी बघूया. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ८२ कंपनं) वाजते, बेस गिटारची जाड तार बरोबर त्याच्या निम्म्यावर म्हणजे ४१ हर्ट्झला, आणि किक ड्रमचा छातीत जाणवणारा धक्का बहुतेक वेळा ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. हे झालं खालचं. पण आपण जिला गिटार म्हणून ओळखतो, म्हणजे डिस्टॉर्शनचा तो खरखरीत पोत, पिक तारेवर आदळल्याचा आवाज, कॉर्ड बदलताना बोटं घासल्याचा आवाज, हे सगळं काही शे हर्ट्झपासून चार-पाच हजारांपर्यंत पसरलेलं असतं आणि गायकाचा आवाज नि स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा फटकाही त्याच भागात येऊन बसतो. गिटार अँपमधला बारा इंची स्पीकर पाच हजारांच्या वर फार काही देतच नाही. म्हणजे रॉकचा जीव मिड्समध्ये, म्हणजे या मधल्या भागात आहे, आणि परीक्षणात मिड्सचं नावही नसतं!

आता या किमतीत मिळणारे बरेच क्लोज्ड बॅक, म्हणजे मागून बंद कपाचे हेडफोन 'व्ही' आकारात ट्यून केलेले असतात, बेस वर, ट्रेबल वर आणि मधला भाग खाली. दोन मिनिटं लावून बघितलं की एकदम भारी वाटतं कारण किक दणकून लागते आणि सिंबल्स चमकतात, पण निवांत बसून पूर्ण अल्बम ऐकला की लक्षात येतं की दोन्ही गिटार मागे गेल्यात, गायक लांबून ओरडतोय, आणि मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, व्हॉल्यूम वाढवला की सिंबल्स टोचायला लागतात. कानाला थकवा येतो तो असा. हिपहॉप किंवा इलेक्ट्रॉनिक ऐकणाऱ्याला तोच हेडफोन मस्त वाटू शकतो, त्याचं काही चूक नाही, त्याचं संगीतच वेगळ्या जागी आहे. पण मग परीक्षणात लिहा ना, की कुठलं संगीत लावून ऐकलं!

दुसरा त्रास १५० ते ३०० हर्ट्झच्या भागाचा. क्लोज्ड बॅकमध्ये ड्रायव्हरच्या मागून निघालेला आवाज बाहेर जात नाही, कपाच्या आत फिरतो आणि आतलं डॅम्पिंग (आवाज शोषणारा भराव) नीट नसलं की नेमका हा भाग फुगतो, मग बेस गिटार, गिटारचा खालचा भाग आणि टॉम्स एकमेकांत मिसळून सगळं गढूळ होतं. हे ओळखायला मशीन लागत नाही. पाम म्यूटिंगवर चालणारं कुठलंही गाणं लावा, म्हणजे तळहात ब्रिजवर दाबून वाजवलेली ती ठसठशीत रिफ, आणि फटका ऐकायच्या ऐवजी दोन फटक्यांच्या मधली जागा ऐका. चांगल्या हेडफोनमध्ये प्रत्येक फटका तुटतो, मधे क्षणभर रिकामं होतं आणि त्या रिकाम्या जागेत खाली बेस गिटार काय करतेय तेही कळतं. फुगलेल्या हेडफोनमध्ये ती जागा भरून जाते. मग डबल किकवाला एखादा मेटलचा तुकडा लावा, पायाचे फटके मोजता आले पाहिजेत, नुसती घरघर ऐकू आली तर तो हेडफोन परत ठेवून द्या. माझ्या मते ह्या दोन गोष्टी कुठल्याही स्पेसिफिकेशनपेक्षा जास्त सांगतात.

स्पेसिफिकेशनचं म्हणाल तर खोक्यावरचे दोन आकडे लोकांना सगळ्यात जास्त फसवतात. एक ड्रायव्हरचा साइज. ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर ५० वाल्यापेक्षा कमी बेस देतो असं काही नसतं, डायफ्रॅम कसला आहे, कप कसा बांधलाय, पॅड कसा बसतो यावर सगळं ठरतं. आणि दुसरा, '५ हर्ट्झ ते ३५ किलोहर्ट्झ' छापाचा आकडा. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकतो, तेही तरुणपणी, आणि मुख्य म्हणजे त्या टोकाला आवाज किती डेसिबलने पडलाय हे सोबत लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थच नाही.

क्लोज्ड बॅकच का घ्यायचा, ओपन बॅक, म्हणजे मागून उघड्या कपाचा, जास्त मोकळा वाजतो ना, असं कोणी म्हणेल. वाजतो, मान्य आहे. पण ओपन बॅकचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येतो आणि बाहेरचा आवाज सरळ आत येतो, त्यामुळे घरात माणसं असताना किंवा प्रवासात त्याचा उपयोग नाही, आणि गिटार वाजवता वाजवता माइकवर रेकॉर्ड करणाऱ्याला तर क्लोज्डच लागतो, नाहीतर हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरतो. शिवाय रॉकच्या मिक्समध्ये बऱ्याचदा एकच रिफ दोनदा वाजवून एक टेक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे ठेवलेला असतो, मधे गायक, किक, स्नेअर. ही रचना क्लोज्ड बॅकमध्ये जवळून आणि ठळक ऐकू येते. मोठ्या हॉलचा भास नाही झाला तरी मला त्याचं काही वाटत नाही, बँड समोर उभा राहिल्यासारखा वाटला की पुरे.

पण क्लोज्ड बॅकची एक अट आहे, पॅड कानाभोवती पूर्ण बसला पाहिजे. फट राहिली की सगळ्यात आधी बेस जातो. चष्मा लावणाऱ्यांनी हे मुद्दाम करून बघावं, हेडफोन लावा, बेस गिटारचा एखादा भाग चालू करा आणि चष्म्याची काडी पॅडखालून जाते तिथे, कानाच्या जरा पुढे, बोटाने पॅड हलकेच दाबा. बेस लगेच वर आला तर समजा की तुमच्या डोक्यावर हा हेडफोन सील होत नाहीये, आणि परीक्षणात 'दमदार बेस' लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं ते तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. जाड काडी, लांब केस, जबड्याचा आकार, सगळ्याने फरक पडतो. म्हणून एकाच मॉडेलबद्दल एक जण म्हणतो बेस नाही आणि दुसरा म्हणतो बेस फार आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात.

नावं घ्यायची तर या किमतीत काही जुने खेळाडू आहेत ज्यांच्याबद्दल तुमच्या पुरवणीत कधी वाचलं नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून आहे आणि स्टुडिओंमध्ये अजून वापरात आहे, ६३ ओहमचा, हलका, गुंडाळीची केबल जी काढता येत नाही, आवाज उजळ, त्यामुळे गिटारचा प्रत्येक ओरखडा दिसतो पण खराब रेकॉर्डिंगही उघडं पडतं. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हा २०१४ चा, त्याची केबल काढता येते, बेसला थोडा जोर आहे आणि हार्ड रॉकला तो जोर बरा वाटतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ही मालिका १९८० च्या दशकातली, मखमली पॅडमुळे तासन्‌तास घालता येतो आणि त्याचे जवळजवळ सगळे भाग सुटे मिळतात, बेस खोल आहे, पण वरच्या ट्रेबलला त्याचा उंचवटा आहे त्यामुळे सिंबल्सनी भरलेलं मेटल काहींना तिखट लागतं. एकेजीचा के३७१ हा २०१९ चा, हरमन कंपनीत सीन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुतेक लोकांना कसा आवाज आवडतो यावर जे संशोधन केलं त्यातून ठरलेल्या टार्गेटच्या, म्हणजे आवाजाच्या नमुन्याच्या जवळ जाणारा, कागदावर सगळ्यात संतुलित, मात्र सीलच्या बाबतीत नाजूक, नीट बसला तरच. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज चांगला अडवतो पण डोक्याला घट्ट बसतो. मला विचाराल तर जुना ब्लूज रॉक, क्लासिक रॉक ऐकणाऱ्याने ७५०६ पासून सुरुवात करावी आणि जड गिटारवाल्याने एम५०एक्स आणि के३७१ शेजारी ठेवून ऐकावेत. हे माझं मत आहे, तुमच्या कानांचं वेगळं असू शकतं.

ओहमची, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्या आकड्याची, गोष्ट थोडक्यात. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो आणि जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला असा एक समज आहे, तो चूक आहे. २५० वाल्याला जास्त व्होल्टेज लागतं, फोनला लावला की आवाज पडतो, मग लोक म्हणतात हेडफोनमध्ये दम नाही. वेगळा अँप (आवाज वाढवणारं यंत्र) घेणार नसाल तर ३२ ते ८० च्या आत राहा आणि ओहमसोबत सेन्सिटिव्हिटीही (तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो ते) बघा. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सीचा छोटा डोंगल लागेल, तेवढं धरून चाला.

वायरलेसबद्दल एवढंच, की त्याच पैशात बॅटरी, रेडिओ, माइक, चिप हे सगळं बसवावं लागतं, तेव्हा ड्रायव्हर आणि कपावर खर्च करायला कमी उरतं, आणि बॅटरी काही वर्षांत थकतेच. वायरवाला तारेला जपलं आणि पॅड बदलले तर खूप टिकतो.

आता ऐकण्याच्या पद्धतीबद्दल, कारण परीक्षण लिहिणारेही इथे चुकतात असं वाटतं. दोन हेडफोन ताडून बघताना दोघांचा आवाज सारखा ठेवलाच पाहिजे, नाहीतर जो जरासा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी असताना आपल्या कानाला बेस त्या प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. म्हणूनच हळू आवाजात ऐकणाऱ्याला थोडा उचललेला बेस बरा पडतो आणि मोठ्याने ऐकणाऱ्याला तोच नकोसा होतो. आणि ट्रेबल नुसता थोडा टोचत असेल तर हेडफोन बदलायच्या आधी इक्वलायझरमध्ये (आवाजाचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) तो भाग दोन-तीन डेसिबल खाली घेऊन बघा, वर ढकलण्यापेक्षा खाली घेणं नेहमी सुरक्षित. काही वेळा दोष हेडफोनचा नसतोच. २००८ मध्ये मेटालिका या मेटल बँडचा डेथ मॅग्नेटिक हा अल्बम आला तेव्हा तो इतका दाबून मोठा केलेला होता की गिटार हीरो या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त मोकळी वाटतात असं चाहते म्हणू लागले. असल्या अल्बमवर हेडफोन पारखू नका.

आणि कानांचं. यावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं कारण रॉक मोठ्यानेच ऐकायचा असतो असं पोरं धरून चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ऐकलं तर चालतं, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ तास. व्हॉल्यूमच्या दोन-चार पायऱ्यांत आपण कुठे जाऊन पोचतो ते बघा. क्लोज्ड बॅकचा खरा फायदा इथे आहे, बाहेरची बडबड अडली की हळू आवाजातही गिटारचे बारकावे कळतात. पण नुसता पॅड बोलण्याचा आवाज, खडखडाट असले वरचे आवाज अडवतो, इंजिनची खालची घरघर फारशी अडवत नाही, आणि ती घरघर नेमकी बेस गिटारवर बसते. सतत गाडीत, विमानात ऐकणाऱ्याने नॉइज कॅन्सलिंगचाच, म्हणजे बाहेरचा आवाज उलट लहरीने खोडणाऱ्या हेडफोनचाच विचार करावा, तिथे वायरलेसबद्दलची माझी वरची तक्रार मी मागे घेते, कान जास्त महत्त्वाचे आहेत.

पॅडबद्दल तर कोणीच लिहीत नाही! चकचकीत कृत्रिम चामड्याचे पॅड घामाने आणि वापराने सोलवटतात, त्याचे काळे पापुद्रे कानाला, गालाला चिकटतात, आतला फोम दबतो, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो, माणसाला वाटतं हेडफोन गेला. नवे पॅड टाकले की बहुतेक वेळा तो परत उभा राहतो, फक्त ते मूळ मापाचे आणि मूळ मटेरियलचे घ्या, कारण मखमलीच्या जागी चामडं किंवा चामड्याच्या जागी मखमल टाकली तर बेस आणि ट्रेबल दोन्ही हलतात.

तेव्हा संपादक महोदय, पुढच्या वेळी हेडफोनवर छापाल तेव्हा एवढं करा. परीक्षण करणाऱ्याने कुठलं संगीत ऐकलं ते लिहायला सांगा, आणि त्यात एक तरी डिस्टॉर्टेड गिटारवालं असू दे. तो चष्मा लावतो का ते लिहा. वजन, पकड किती घट्ट, केबल निघते का, पॅड सुटे मिळतात का, ओहम किती, हे एका चौकटीत द्या. आणि दोन तास सलग घालून झाल्यावर कान तापले का, डोकं दुखलं का, तेही छापा. रंगांची माहिती कमी केली तर जागा नक्की होईल.

आपली,
एक नियमित वाचक