लाल गोळी बंद करू नको

उदगीर, ४ मे

प्रिय सुरेखा,

परवा फोनवर "जरा पोटाचं होतंय गं, लोहाची लाल गोळी बंद केलीय" एवढंच म्हणालीस आणि एकदम उन्हाळ्यावर बोलायला लागलीस. ओसरीवर कोणी तरी येऊन बसलं असणार. म्हणून पत्र लिहितेय. मेसेज केला असता, पण तुझा फोन दिवसभर कोणाकोणाच्या हातात असतो ते मला ठाऊक आहे.

गरोदरपणात पोट साफ न होणं हे इतक्या बायांना होतं, की आमच्या मेडिकलवर त्याचं काही नवल राहिलं नाही. नवरे येतात, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच कोलगेट हातात घेऊन उभे राहतात आणि मग हळूच म्हणतात, "मंडळीला पोट साफ व्हायचं काही तरी द्या." दिवस गेलेत का, हे आपणहून कोणी सांगत नाही. मलाच विचारावं लागतं, आणि मी विचारल्याशिवाय पुडी देत नाही.

दिवस गेले की अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. गर्भाशय सैल राहावं, वेळेआधी आवळू नये म्हणून ते लागतंच; पण त्यानं आतडीही सुस्तावतात. अन्न पुढं सरकायला वेळ लागतो, तोवर मोठं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि खडा होतो. तुला सातवा लागलाय, म्हणजे वरून बाळाचा भारही आला. त्यात आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी. तिनं कोणाकोणाला घट्ट होतं, हे खरं आहे.

म्हणून तू गोळी बंद केलीस, हे मात्र मला अजिबात पटलं नाही. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस घ्यायची असते. आपल्याकडच्या बायांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी. बाळंतपणात रक्त गेलं तर अंगात शिल्लक काही हवं ना. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना तसं सांग. ते दुसऱ्या प्रकारचं लोह देतात, मात्रा बदलतात, रक्त फारच कमी असेल तर शिरेतूनही देतात. तोवर जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर घे. तिच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत तर मुळीच नको, दोघींत दोन तास तरी जाऊ दे. संडासचा रंग काळपट झाला तर घाबरू नको, तो लोहाचाच.

आता खरं बोलू का? तुझा निम्मा त्रास गोळीचा नाहीच. मागं तुझ्याकडं आले होते तेव्हा पाहिलंय मी. तुमचा संडास अंगणाच्या पार त्या टोकाला. तिकडं जायचं तर बादली घेऊन, पदर सावरत, ओसरीवर बसलेल्या मामंजींच्या आणि त्यांच्या चार पाहुण्यांच्या समोरून. मग तू कळ मारतेस. पुन्हा पुन्हा जावं लागू नये म्हणून पाणीही घोट घोटच पितेस. त्यात मे महिना, टँकर येईल तेव्हा येईल, आणि घरातली सून पाणी पिणार सगळ्यांच्या शेवटी. आलेली कळ दाबली की ती निघून जाते, मल आत आणखी वाळतो आणि पुढच्या वेळी कुंथावं लागतं. कुंथून कुंथून मूळव्याधीचे मोड येतात, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ते दुखणं फार वाईट. याला माझ्या दुकानात औषध नाही. सासूबाईंना सरळ सांग, "आत्याबाई, सकाळी चहा-भाकरी झाली की मला अर्धा तास कामाला हाक मारू नका." खाल्ल्यावर आतड्याला आपोआप चालना मिळते, तीच वेळ धरायची. बाहेर बसलेल्यांना काय वाटेल ते वाटू दे. पाण्याचा तांब्या वेगळा करून उशाशी ठेव, आणि दिवसभरात निदान अडीच लिटर तरी पोटात जाऊ दे. ताक, वरणाचं पाणी हे त्यात धरलं तरी चालेल.

खाण्याचं म्हणशील तर पोटुशीला हलकं म्हणून तुला मऊ भात, दूध-बिस्कीट आणि खारी देतात ना? या सगळ्यात चोथा जवळजवळ नाहीच. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये तो दहा ग्रॅमच्या आसपास असतो, आणि दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम लागतो. आपली भाकरी सोडू नको. सोबत तांदुळजा, शेवगा, अख्ख्या मुगाची उसळ, जवसाची चटणी चमचाभर. चोथा एकदम वाढवशील तर पोट फुगेल, हळूहळू वाढव. संध्याकाळी ऊन उतरलं की मारुतीच्या देवळापर्यंत चालून ये.

एवढं करूनही भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. एक चमचा पेलाभर पाण्यात घालून लगेच पिऊन टाकायचा, वर आणखी एक पेला पाणी. कमी पाण्यात घेतलास तर तो आतच फुगून बसेल. लोहाच्या गोळीपासून तोही दोन तास लांब ठेव. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, दुसऱ्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून मला फोन करू नको. त्यानंही नाही झालं तर डॉक्टर लॅक्टुलोजचं सिरप देतात. ते रक्तात फारसं उतरत नाही, त्यामुळं पोटातल्या जिवाला त्रास नाही.

आत्याबाई एरंडेल काढतील, कोमट दुधातून. पाया पड, पण घेऊ नको. ते आतड्यांना पिळतं तसं गर्भाशयालाही कळा आणू शकतं. जुन्या सुइणी कळा याव्यात म्हणूनच पाजायच्या. सोनामुखीची चूर्णंही मनानं घ्यायची नाहीत, त्यावर आयुर्वेदिक लिहिलेलं असलं तरी.

आणि पोटात राहून राहून कळ यायला लागली, पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं, खालून रक्त किंवा पाणी गेलं, नाही तर उलट्या होऊन वारासुद्धा सरेना, तर पोट साफ व्हायची वाट बघत बसू नको. सरळ १०८ ला फोन लाव. ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथं ही तक्रार स्वतःच्या तोंडानं सांग, दाजींना पुढं करू नको. मोड दिसत असतील तर तेही सांग.

आमच्या दुकानातला पोरगा शनिवारी गंगाखेडला येतोय. त्याच्याजवळ इसबगोलचा डबा आणि थोडी जवसाची चटणी देते. डब्यावर वर्तमानपत्र गुंडाळलंय, कोणाला कळायचं नाही. पण डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उघडू नको.

तुझीच,
मंगल