फ्रिज बंद आहे की अकरा प्रश्नचिन्हं?

महोदय,

साताऱ्याहून माझ्या बाबांनी एका फ्रिज कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल केला. विषय: ‘फ्रिज बंद आहे’. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, कृपया इंग्रजीत लिहा. त्याखाली बाबांचा विषय असा उमटला होता: ‘????? ??? ???’. बाबांनी तक्रार केली होती, प्रश्न एकही विचारला नव्हता!

मी पुण्यात गेली नऊ वर्षं जपानी ग्राहकांच्या मेलना उत्तरं देते, त्यामुळे मी आधी प्रश्नचिन्हं मोजली. ‘फ्रिज’ची पाच: फ, पाय मोडल्याची खूण, र, पहिली वेलांटी, ज. प्रत्येक खुणेला एकच प्रश्नचिन्ह, हिशेब चोख जुळला, म्हणजे मेल कंपनीपर्यंत धड पोचला होता. तिथल्या सॉफ्टवेअरने तो फक्त युरोपीय अक्षरं ओळखणाऱ्या जुन्या रकान्यात कोंबला आणि जे मावेना त्याजागी प्रश्नचिन्ह ठेवलं. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग दिसली असती, तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत, बदलून मजकूर बहुधा परत मिळाला असता. प्रश्नचिन्हांतून काहीच परत येत नाही.

जपानीत या घोळाला शब्दच आहे, ‘मोजिबाके’. ताकाहाशी आडनावाचे काही लोक त्यातला ‘ताका’, जो जपानीत एकाच अक्षरात लिहितात, शिडीसारख्या आकाराचा लिहितात, आणि तो जुन्या जपानी मेल पद्धतीत बसत नाही. आमच्याकडून एका बाईंना ‘?हाशी’ म्हणून मेल गेला. त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं, क्लायंटने आमच्या टीम लीडला धारेवर धरलं, आणि महिन्याभरात दुरुस्ती झाली. आता प्रत्येक अपडेटआधी ती शिडी तपासली जाते.

देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना संगणकावर सामावणाऱ्या प्रमाणपद्धतीत, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा तंत्रज्ञान नाही, ही सबब चालणार नाही. मराठीत मेल करणाऱ्याला कंपन्या ‘इंग्रजीत लिहा’ सांगतात आणि आपण निमूटपणे लिहितो, म्हणून चाचणीच्या यादीत मराठीची एक ओळही कोणी घालत नाही.

बाबांनीही अखेर तेच वाक्य रोमन अक्षरांत पाठवलं. चौथ्या दिवशी मेकॅनिक आला, कोरेगावचा. त्याच्या मोबाइलवर अजून पहिलीच तक्रार होती. दारातच म्हणाला, ‘‘काका, नेमकं झालंय काय? इथं नुसती प्रश्नचिन्हंच आल्यात.’’

— एक वाचक, कोथरूड, पुणे