बिल्डरची साखळी सुबक, उतरंड मात्र चुकलेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉल सेंटरसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याविषयी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेल्या लेखात बिल्डर पॅटर्नचे (ऑब्जेक्टला एकेक मूल्य नावानिशी देत जायचे आणि शेवटी 'बिल्ड' म्हणून तो तयार करायचा, या पद्धतीचे) कौतुक आहे, ते कोड वाचायला सोपा होतो म्हणून. ते खरेच आहे. ऑब्जेक्ट एका दमात बनवणाऱ्या, दहा पॅरामीटरांच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कर्मचारी क्रमांक आणि लॉगिन आयडी यांची अदलाबदल झाली, तरी दोन्ही स्ट्रिंगच असल्याने कंपायलर हूं की चूं करत नाही. बिल्डरमध्ये प्रत्येक मूल्य नाव घेऊन येते, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसते. पण एजंट, टीम लीडर, ऑपरेशन्स मॅनेजर अशी उतरंड उभी करताना एवढ्यावर भागत नाही. तिथली चूक एका ऑब्जेक्टच्या पोटात नसते, दोघांच्या नात्यात असते.

अ‍ॅमेझॉन कनेक्ट या कॉल सेंटरसाठीच्या क्लाउड सेवेचेच घ्या. त्यात एजंटांची उतरंड जास्तीत जास्त ५ पातळ्यांची ठेवता येते. समजा देश, शहर, प्रोसेस, विभाग आणि टीम. जावासाठीच्या त्यांच्या एसडीकेची (प्रोग्रामरांना दिलेल्या तयार कोडच्या संचाची) दुसरी आवृत्ती सगळी बिल्डरवर उभी आहे. उतरंडीतला नवा ग्रुप, म्हणजे एखादे शहर किंवा टीम, करताना नाव, इन्स्टन्स आयडी (आपल्या कॉल सेंटरची ओळख) आणि वरच्या ग्रुपचा आयडी द्यायचा. यातला वरचा ग्रुप ऐच्छिक आहे, आणि मेख इथेच आहे: तो द्यायचा राहिला तर नवा ग्रुप थेट पहिल्या पातळीवर तयार होतो. बिल्ड तक्रार करत नाही, सर्व्हरही करत नाही, कारण विनंती नियमाला धरूनच असते. मग 'टीम ३' भारताच्या पंक्तीला जाऊन बसते आणि पुण्याच्या बेरजेत तिचे कॉल येत नाहीत, हे कळते ते अहवाल हातात पडल्यावर.

याच्या उलटी चूक लूपमध्ये होते. एकच बिल्डर बाहेर ठेवून आत एचआरच्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीसाठी नाव बदलत गेले, की ज्या ओळीत वरचा ग्रुप रिकामा आहे तिला आधीच्या ओळीचा चिकटून राहतो. तयार झालेला ऑब्जेक्ट बदलत नाही, बिल्डर बदलतो. या दोहोंत गल्लत नको. प्रत्येक ओळीला नवा बिल्डर, हाच त्यावर उपाय.

म्हणून एसडीकेच्या बिल्डरवर आपला, अख्ख्या उतरंडीचा बिल्डर हवा. त्याने आधी फाइलमधल्या सगळ्या ओळी नुसत्या गोळा कराव्यात. एजंटची ओळ टीम लीडरच्या आधी आली म्हणून अडू नये, कारण एचआरची फाइल क्रमाने येईल याचा भरवसा नसतो. नाती आयडीनेच ठेवावीत. एकमेकांकडे बोट दाखवणारे दोन न बदलणारे ऑब्जेक्ट करायला गेलात, तर आधी कोणता बनवायचा इथेच गाडी अडते. जुळणी आणि तपासणी बिल्डमध्ये. वरच्या ग्रुपचा आयडी यादीत आहे का? पहिल्या पातळीवर बसणाऱ्या ग्रुपवर तशी स्पष्ट खूण आहे का, की रकाना नुसताच रिकामा आहे? एजंट दोन टीममध्ये तर नाही? कनेक्टमध्ये एका एजंटला एकच ग्रुप मिळतो. मग प्रत्येक ग्रुपपासून वर चढत जायचे. त्याला स्वतःला धरून ५ ग्रुपांत शिखर आले नाही, तर उतरंड खोल झाली आहे किंवा 'अ'चा वरिष्ठ 'ब' आणि 'ब'चा वरिष्ठ 'अ' असे चक्र तरी आहे. एकाच मोजणीत दोन्ही सापडतात. आणि पहिल्याच चुकीला एक्सेप्शन फेकून काम थांबवू नये. सगळ्या चुका ओळ क्रमांकासह एकदम द्याव्यात, नाहीतर फाइल दुरुस्त करणाऱ्याला पन्नास खेपा घालाव्या लागतात.

तयार करण्याचा क्रम वरून खाली, पातळीगणिक. वरच्या ग्रुपचा आयडी सर्व्हरकडून मिळाल्याशिवाय खालचा करता येत नाही. पुसताना खालून वर. ज्या ग्रुपला एजंट जोडलेले आहेत किंवा ज्याच्या खाली ग्रुप आहेत, तो पुसता येत नाही.

लेखातल्या नमुन्यात शिफ्टला एक पातळी दिली आहे, ती मात्र पटली नाही. शिफ्ट आठवड्याला फिरते, आणि एजंटला पातळीवरून हलवले की मागच्या अहवालांवरही परिणाम होतो. शिफ्टची माहिती रोस्टरमध्येच बरी. कोणाला कोणत्या रांगेतले कॉल द्यायचे हे राउटिंग प्रोफाइल पाहतो, त्यामुळे भाषा आणि कौशल्येही उतरंडीत कोंबण्याची गरज नाही. पुढच्या भागात हा नमुना सुधारून छापावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे