रॉबिनलाही शिकू दे

प्रिय स्नेहल,

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी पुन्हा लावला नाही. राग नाही गं. हल्ली आपल्या दोघींचं फोनवरचं बोलणं भांडणातच संपतं, म्हणून सरळ लिहायला बसले.

तू आणि रॉबिनने लग्नानंतर नैसर्गिक कुटुंब नियोजनच करायचं, म्हणजे गोळ्या-साधनांऐवजी शरीराच्या खुणांवरून दिवस राहू शकतील असे दिवस ओळखून ते टाळायचे, असं ठरवलंत, याचा मला अभिमान वाटतो हे त्या दिवशी सांगायचंच राहिलं. खटका उडाला तो पैशांवरून. तो परदेशी ऑनलाइन कोर्स, लघवीतली हार्मोन्स मोजणारं मशीन आणि दर महिन्याला नव्या पट्ट्या. मशीन काम करतं, मी नाही म्हणत नाही. पण जानेवारीपासून घराचा हप्ता सुरू होतोय आणि मशीनवाचून तुमचं काही अडत नाही. एक वही, रंगीत पेन्सिली आणि मेडिकलमधला दोनशे-तीनशेचा डिजिटल थर्मामीटर एवढं पुरतं. थर्मामीटर फॅरनहाइटचा घे. त्याचा ०.१ हा सेल्सियसच्या ०.१ पेक्षा जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे बीजांड सुटल्यावर तापमानात होणारा बारीक चढ दिसतो. शिकवणीला आपल्या चर्चच्या सिस्टर पैसे घेत नाहीत, वहीची झेरॉक्स तेवढी आपली.

मोबाइलमधल्या ॲपवर मात्र विसंबू नकोस. ते मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. तुझी पाळी नाइट ड्यूटी लागल्यापासून कधी अठ्ठावीस, कधी अडतीस दिवसांनी येते. बीजांड सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस साधारण तेवढेच राहतात, मागेपुढे होतात ते आधीचे. ॲप चौदावा दिवस धरून बसेल आणि तुझं बीजांड चोविसाव्याला सुटेल. पाळीचे दिवस मोजायच्या रंगीत मण्यांच्या माळेचंही तेच. आठ ते एकोणीस दिवस टाळायचे हा तिचा हिशेब २६ ते ३२ दिवसांच्या पाळीसाठी आहे, तो तुला लागू नाही.

तू नर्स आहेस, बीजांड बारा ते चोवीस तास टिकतं आणि शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, हे मी तुला काय सांगणार! पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या अंगावर ओळखणं वेगळं. लघवीला जाशील तेव्हा दर वेळी आधी टिश्यूने पुसून योनीतला स्राव बघायचा. चालताना कोरडं वाटतं, ओलसर की निसरडं, हे आधी, आणि दिसतं कसं हे नंतर. पाळीनंतर बहुधा काही कोरडे दिवस, मग चिकट, पांढुरकं, मग पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं. रात्री झोपताना दिवसभरातलं सगळ्यात ओलं लक्षण लिहायचं, सकाळचं नाही. निसरडेपणाचा शेवटचा दिवस तो शिखराचा दिवस. तो त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी बदल जाणवला की मागे जाऊन खूण करायची. इथेच बहुतेक मुली फसतात. सगळ्यात जास्त स्राव दिसला तो दिवस शिखर धरतात, आणि निसरडेपणा पुढे दोन दिवस चालूच असतो.

तापमान उठल्याबरोबर, अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी, जिभेखाली. बीप वाजली तरी तीन मिनिटं पुरी होऊ दे. नाइट असेल तर घड्याळ सोड, तुझी सगळ्यात लांब झोप संपेल तेव्हा घे आणि शेजारी ‘नाइट’ लिही. ताप, जागरण, प्रवास, सगळं लिही. सर्दीच्या काही गोळ्यांनी स्रावही सुकतो, तेही लिही. चढाच्या आधीच्या सहा दिवसांतला सगळ्यात वरचा आकडा समज ९७.४ आहे. त्याच्या वर सलग तीन दिवस हवेत आणि तिसरा किमान ९७.८. मग दोन्ही खुणा जुळवायच्या: शिखरानंतरचा तिसरा दिवस आणि तापमानाचा तिसरा वरचा दिवस. यातला जो उशिरा येईल, त्या दिवशीच्या संध्याकाळपासून पाळी येईपर्यंत संबंधाला मोकळे दिवस.

पाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत संबंध एक दिवसाआड, तेही रात्रीच. दिवसभर कोरडं होतं हे रात्रीच कळतं, आणि संबंधानंतर दुसऱ्या दिवशीचा ओलावा कशाचा हे ओळखता येत नाही. स्राव दिसला की थांबायचं. खाज किंवा वास असेल तर तक्त्यात न अडकता डॉक्टरांकडे जा.

लहानपणी आजोबांना ताप आला की पाऱ्याचा थर्मामीटर तूच खिडकीशी नेऊन तिरका धरायचीस. पाऱ्याची रेघ नेमकी सापडेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाहीस, आणि आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचीस. आजोबा म्हणायचे, ही पोर डॉक्टरीण होणार. तेव्हा नोंदी ठेवायच्या बाबतीत मला तुझी काळजी नाही.

काळजी रॉबिनची आहे. पुन्हा तिथेच आले ना? पण ऐक. तो सहा-सहा महिने जहाजावर असणार आणि सुट्टी काही तुझा तक्ता बघून मिळत नाही. आठ दिवसांसाठी घरी येईल आणि नेमके तेच दिवस निसरडे असतील. तेव्हा ‘आज नको’ हे तू एकटीने म्हणायचं आणि त्याने ऐकायचं, असं झालं तर ते फार दिवस टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकाअखेरीस पाच देशांत स्रावाच्या पद्धतीची चाचणी घेतली, त्यात आपलं बेंगळुरूही होतं. ज्यांना दिवस गेले त्यांच्यातल्या बहुतेकांना तो दिवस धोक्याचा आहे हे माहीत होतं. जर्मनीतल्या ९०० बायकांचा अभ्यास २००७ साली छापून आला. स्राव आणि तापमान दोन्ही बघून नियम काटेकोर पाळले तेव्हा वर्षाला शंभरात ०.४ जणींना दिवस गेले, सगळ्या मिळून धरलं तर १.८ जणींना. म्हणजे पद्धत पक्की आहे, पण नियम दोघांनी पाळायचे असतात. पोप सहावे पॉल यांचं १९६८ चं परिपत्रकही जबाबदार पालकत्व नवराबायको दोघांचं आहे, असंच सांगतं.

लेक्चर झालं, मला कळतंय. माफ कर. रॉबिन गुणी मुलगा आहे, पप्पांना तर तो तुझ्याहून लाडका. पण गुणी मुलांनाही कुणी शिकवलेलं नसतं. तक्त्यावरची खूण रोज रात्री त्याने करावी, तू फक्त सांगावंस. जहाजावर नेट मिळेल तेव्हा फोटो पाठव.

लग्नाआधी निदान तीन पाळ्यांचे तक्ते हातात हवेत, म्हणून या पाळीपासूनच सुरुवात कर. लग्नाच्या घाईत बीजांड उशिरा सुटू शकतं, तेव्हा शेवटच्या महिन्यातली नोंद अजिबात सोडू नकोस. लग्नाच्या शिबिरात यावर एखादं व्याख्यान झालं म्हणजे शिकून झालं असं समजू नकोस.

सिस्टरना शनिवारी चार वाजता वेळ आहे, त्या व्हिडिओवर शिकवायला तयार आहेत. मंदामावशीकडे पाठवलेल्या पिशवीत सुकटीखाली वही आहे, पहिल्या पानावर रंग लिहिलेत: लाल पाळी, हिरवा कोरडा, पांढरा स्राव. रॉबिनला शनिवारी नेट मिळणार नसेल तर सिस्टरना मी दुसरा दिवस विचारते. पण तो नसताना पहिला धडा घेऊ नकोस.

तुझी,
आई