अण्णाची गुठळी आणि माईंचा फोन

नाशिक,
रविवार

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तुला नीट काही सांगता आलं नाही. अण्णाला लकव्याचा झटका आला, तो विषय निघाला की माझा घसा दाटतो. म्हणून लिहायला बसलो.

दिंडोरीला द्राक्षबागेत डिपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवायची, गडबड चालू होती. वहिनींनी सहा दहाला चहा दिला तेव्हा अण्णा चांगला होता. वेळ पक्की, कारण दुधाची गाडी तेव्हाच येते. पावणेसातला तो बागेत तार धरून उभा दिसला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलायला बघतोय पण शब्द फुटत नाही. जवळच्या दवाखान्यात नेला. तिथं सलाईन लावली, "थोडं बघू" म्हणाले आणि दीड तास गेला. सीटी स्कॅनची सोयच नव्हती तिथं. तो दीड तास मला अजून झोपू देत नाही. मेंदूची मोठी नस बंद पडली की मिनिटाला जवळपास 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे. मला ते नंतर कळलं.

नाशिकला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "शेवटचं चांगलं कधी पाहिलंत?" आजारी कधी दिसला हे नव्हे, चांगला कधी होता ते. वहिनी म्हणाल्या, "सहा दहा." गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात. ते मिळालं. पण अँजिओत, म्हणजे नसांच्या तपासणीत, डावीकडची मोठी नस बंद दिसली आणि एवढी गुठळी नुसत्या इंजेक्शनानं बरेचदा विरघळत नाही, म्हणून लगेच कॅथलॅबमध्ये घेतलं, म्हणजे नळी घालून नसेवर उपचार करतात त्या खोलीत.

जांघेतल्या नसेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात. गुठळीत जाळीचा स्टेंट उघडतात, गुठळी जाळीत अडकली की सगळंच ओढून बाहेर. स्टेंट आत ठेवत नाहीत. 2015 साली रुग्णांवर केलेल्या पाच चाचण्यांचे निकाल एकामागून एक आले, तेव्हापासून हा उपचार पक्का झाला. नंतर डॉक्टरांनी गॉजवरची गुठळी दाखवली. काळपट लाल, द्राक्षमण्याच्या देठाएवढी. घडातले जादा मणी काढायच्या विरळणीत असे किती देठ अण्णानं कात्रीनं उडवले असतील रे!

दुसऱ्या दिवशी त्यानं हात उचलला. आता चालतो. पण कात्री हातात टिकत नाही, आणि माझं नाव आठवेपर्यंत नुसता माझा हात दाबत राहतो.

अण्णाच्या हृदयाचे ठोके अनियमित निघाले, गुठळी तिथूनच वर गेली. तुझ्या माईंनाही तेच आहे ना? त्यांची रक्त पातळ करायची गोळी कधीच चुकू देऊ नकोस. ती चालू असताना इंजेक्शन बहुधा देता येत नाही, पण गुठळी ओढून काढता येते. म्हणून कुठल्या हॉस्पिटलात हे रात्रीसुद्धा करतात ते मी इथं विचारून ठेवतो. 108 ला फोन करतानाच तिथलं नाव सांगायचं, मध्ये कुठं थांबायचं नाही.

माई पंचवटीत एकट्या झोपतात. पहाटे काही झालं तर रात्री त्या चांगल्या होत्या ती वेळ धरतात. स्कॅनमध्ये मेंदू वाचण्यासारखा दिसला तर काहींना 24 तासांपर्यंतही गुठळी काढता येते. तेव्हा रात्रीचा तुझा फोन चुकवू नकोस. सकाळीही सातला एक करत जा. उचलला नाही तर लगेच मला सांग, मी दहा मिनिटांत पोचतो. घराची एक किल्ली मात्र माझ्याकडे पाठव.

तुझा,
बाळू