संरक्षण समितीचे बळ वाढवा

मा. संपादक,

निवृत्त लष्करी अधिकारी राजकारणात आले की संरक्षण धोरण सुधारेल, अशी अपेक्षा असते. पण ते कुठे बसतात यावर सारे अवलंबून आहे. विधानसभेचा हा विषयच नाही, तो संघसूचीत, म्हणजे राज्यघटनेतील केंद्राच्या विषयांच्या यादीत, पहिल्याच नोंदीत आहे. खरी जागा संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती. तिथे लोकसभेचे २१, राज्यसभेचे १० सदस्य असतात आणि मंत्र्याला सदस्य होता येत नाही.

या समितीचा मार्च २०१८चा अहवाल जरूर वाचावा. अध्यक्ष होते निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीला सांगितले, ६८ टक्के सामग्री जुनाट, अत्याधुनिक जेमतेम ८ टक्के. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी रुपये, तर चालू असलेल्या १२५ योजनांचे बांधील देणेच, म्हणजे आधीच्या करारांपोटी द्यायची रक्कम, २९,०३३ कोटींचे! नव्या खरेदीला उरले काय? एकूण तरतुदीचा मोठा आकडा पाहून हे कधीच कळत नाही. बांधील देणी वेगळी काढून मागावी लागतात, आणि ते मागायचे कसे हे सैन्यात आयुष्य गेलेल्याला ठाऊक असते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्षपद कलराज मिश्र यांच्याकडे गेले. समितीची मुदत एकच वर्षाची असल्याने पाठपुरावा तुटतो. शिफारशी बंधनकारक नाहीत, सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचे एवढेच. अनुदानाच्या मागण्याही, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाचे प्रस्ताव, अनेकदा चर्चेविना मंजूर होतात. म्हणून समितीची मुदत किमान दोन वर्षे करावी आणि फेटाळलेल्या शिफारशींवर माजी सैनिक खासदारांनी लोकसभेत कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव, मांडाव्यात.

एक वाचक, सातारा