उजव्या हाताने लिहिलेलं पत्र

फिजिओथेरपिस्ट ताई, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुमचं नाही आणि माझंही नाही. कोपर दाबल्यावर किंचाळलेला टेलर म्हटलं की तुम्ही ओळखालच.

वरोऱ्याकडच्या आमच्या गावात मी २१ वर्षं शिवणकाम करतो. कुष्ठरोगाचे चट्टे आले, गोळ्यांची १२ पाकिटं बारा महिन्यांत संपवली, चट्टे विरले. ‘बरे झालात’ म्हणाले, मीही तसंच धरून चाललो. पुढे उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. एका दवाखान्यात अंगदुखीच्या गोळ्या मिळाल्या, शेजाऱ्याने बाम दिला. मशीन चालवून असं होतं, हे अख्ख्या गल्लीचं मत. त्यात वर्ष गेलं. इस्त्रीने तळहाताची कड भाजली ती मला वासावरून कळली, तरी मी बामच चोळत होतो.

शेवटी तुमच्याकडे आलो. तुम्ही बोटांकडे नंतर बघितलंत, आधी कोपर धरलंत. आतल्या हाडामागे जाडजूड झालेली नस तुमच्या बोटाखाली आली आणि मी ओरडलो. मग डोळे मिटायला लावून बॉलपेनचं टोक तळहातावर टेकवत गेलात. करंगळीकडची बाजू जणू माझी नव्हतीच.

आणि मग तुम्ही डावा हात मागितलात. त्याला काही झालेलं नाही, हे मी देवाशप्पथ सांगितलं असतं. दोन बोटांत कागद धरायला लावलात आणि तो तुम्ही सहज ओढून घेतलात! दुखणं नाही, खुपणं नाही, आणि नस आतल्या आत मरत होती.

जंतू मेले तरी त्यांचे अवशेष नसेत राहतात, शरीर त्यांच्याशी भांडत बसतं आणि नस सुजते, हे तुम्ही समजावलंत. कोपरापाशी तिची वाट अरुंद, म्हणून तिथेच आवळली जाते. मी म्हटलं, म्हणजे लहान काजात मोठं बटण. तुम्ही हसलात, पण डॉक्टरांकडे त्याच दिवशी नेलंत. सहा महिन्यांच्या आतलं नुकसान असेल तर हात परत मिळण्याची आशा असते म्हणून. नसेची सूज उतरवणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरवड्याला कमी करत बारा आठवडे. झोपेत कोपर वाकू नये म्हणून जुना टॉवेल गुंडाळायचा. डाव्या हातात आज कागद घट्ट राहतो, ताई.

उजव्याला उशीर झाला होता. त्याच्यावर शस्त्रक्रियाच करायची, पण सांधे मोकळे झाल्याशिवाय नाही, असं तुमचं फर्मान. रोज वीस मिनिटं हात पाण्यात, मग तेल, मग मांडीवर एकेक बोट सरळ करणं. किती कंटाळलो ते तुम्हाला माहीत आहे. मग शस्त्रक्रियेत मधल्या बोटाला वाकवणाऱ्या स्नायूची एक दोरी काढून तिचे चार पदर केले आणि चारही बोटांना लावले. कापडाच्या भाषेत मला ते लगेच कळलं. तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण खरी पंचाईत तिथून पुढे. बोट वाकवायचं म्हटलं की मन जुन्याच दोरीला हाक मारायचं. ‘झोपडीचं छप्पर करा,’ तुम्ही म्हणायचात. बोटं ताठ, वाकायचं फक्त मुळाशी. पहिलं छप्पर झालं तेव्हा तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही दाखवायला नेलंत.

बधिरपणा तेवढा राहिला. तो शस्त्रक्रियेने जात नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. वेल्लोरच्या डॉक्टर पॉल ब्रँडांची गोष्टही तेव्हाचीच. बोटं रोगाने आपोआप झडतात असं लोक मानत. त्यांनी दाखवून दिलं की ती न जाणवलेल्या जखमांनी जातात, झोपेत उंदरांनी कुरतडलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून रुग्णांना ते मांजर पाळायला देत. आमच्याकडे मांजर आहे, पण ते उंदराला भितं. तेव्हा रात्री झोपताना बायको आणि मी दोन्ही तळहात दिव्याखाली धरून बघतो. इस्त्रीच्या मुठीला जाड कापड बांधलंय.

या गुरुवारी तपासणीला येतो. वॉर्डातल्या लोकांचे हात चहाच्या स्टीलच्या पेल्यांनी भाजतात, हे तुम्ही बोलून गेला होतात. पेल्यांना घालायला गोधडीच्या कापडाच्या ४० बाह्या शिवून ठेवल्या आहेत. प्रत्येकीला एक बटण आहे. काजं उजव्या हाताने केलीत. पहिली दहा-बारा वाकडी आलीत, ती खाली ठेवली आहेत.

तुमचा,
टेलर